डोल थांबतो ती जागा

आधी एक मोठी खोली डोळ्यांपुढे आणा. घाई नाही, सावकाश आणा. शाळेचं सभागृह आहे. उंच खिडक्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, पुढे लाकडी मंच आणि मंचावर एक काळा, उभा पियानो. आता त्या पियानोची पुढची फळी काढून बाजूला ठेवा आणि आत पाहा. दोनशेहून जास्त तारा आहेत. डावीकडच्या जाड, तांब्याची तार गुंडाळलेल्या. उजवीकडे जावं तशा बारीक होत गेलेल्या. प्रत्येक तारेचं टोक एका लोखंडी खुंटीला आवळलेलं. समोर स्टुलावर एक माणूस बसलाय. हातात किल्ली, मान जराशी कललेली, डोळे मिटलेले. आत्ता तुमच्यापैकी कोणी खोकलं, तर तो डोळे न उघडताच म्हणेल, "बाहेर जाऊन खोका."

दिसला? यांना सगळे सूरवाले म्हणायचे. शहरात जिथे म्हणून पियानो होता, तिथे तो जुळवायला हेच जायचे. यांना एक मुलगी होती, दहा वर्षांची. तिचा आवाज उंच आणि धारदार, म्हणून बाबांनी तिला टिटवी हे नाव ठेवलं होतं, आणि घरात तेच रूढ झालं. गोष्ट तिची आहे.

पुढे जाण्याआधी एक समजून घ्या. पियानोत एकाच स्वरासाठी बहुतेक ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन तारा असतात. त्या तंतोतंत एक झाल्या नाहीत तर आवाज सरळ येत नाही, झोपाळ्यासारखा हेलकावे खातो. वाँव, वाँव, वाँव. सूरवाले त्याला डोल म्हणायचे. किल्लीनं खुंटी केसभर फिरवली की डोल संथ होतो. आणखी जराशी फिरवली की लांबत जातो, लांबत जातो, आणि एका क्षणी थांबतो. दोन तारांची एक तार होते.

त्या क्षणी बाबांचा चेहरा बदलायचा. टिटवीनं तो कितीतरी वेळा पाहिला होता. कपाळावरच्या आठ्या जायच्या, खांदे उतरायचे, आणि ते स्वर पूर्ण विरेपर्यंत तसेच बसून राहायचे. तिनं एकदा विचारलं, की तेव्हा तुम्हाला काय होतं? त्यांनी बराच वेळ किल्ली पुसली.

"कोणीतरी शेजारी येऊन बसतं," ते म्हणाले.

"कोण?"

"विचारलं नाही कधी. विचारायला गेलो तर उठून जाईल."

त्यांच्या घरी देवाधर्माच्या गोष्टी फारशा निघत नसत. पण त्या दिवसापासून टिटवीच्या मनात पक्कं बसलं, की बाबा कामावर जातात तेव्हा नुसते कामावर जात नाहीत.

आता हेही सांगायला हवं, की सूरवाले काही साधुपुरुष नव्हते. आपल्या कानाचा त्यांना फार तोरा होता. दुसऱ्यानं जुळवलेला पियानो ऐकला की ते म्हणायचे, याच्या कानात भोपळ्याचे वेल उगवलेत. शाळेच्या गायनबाई वीस वर्षं त्यांच्याकडून काम करून घेत होत्या, पण त्यांनाही कधी सुरातली चूक काढायची मुभा नव्हती. काम चालू असताना कोणी बोलायचं नाही, आणि काम संपल्यावर तर बोलायचं काही उरतच नाही, असा नियम होता. घरच्यांनाही तोच.

टिटवीची आई घरी पडदे शिवायची. संध्याकाळी बाबा आले की थेट आईच्या शिलाईमशीनशेजारी जाऊन बसायचे. मशीन खडखडत असायचं आणि दोघं त्या खडखडाटात तासभर गप्पा मारायची. टिटवीला वाटायचं, आईबाबांचं एकमेकांवर किती प्रेम आहे, मशीन थांबेपर्यंतसुद्धा धीर निघत नाही. एरवी मात्र बाबा घरात अबोल होत चालले होते. हाक मारली तर ओ देत नसत. बोलले तरी इतकं हळू बोलायचे, की कोणी भांडी घासत असलं तर हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. सगळे म्हणायचे, वय वाढलं की माणूस शांत होतो.

मग शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचे दिवस आले. टिटवी समूहगानात होती. बाबा येऊन पियानो जुळवून गेले आणि दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. बाईंनी पहिले दोन स्वर वाजवले ते ठीक होते. तिसऱ्यांदा त्यांचा डावा हात खाली जाड तारांकडे गेला, आणि टिटवीनं चमकून पियानोकडे पाहिलं. खालचा स्वर डोलत होता. किंचित नाही, चांगला वाँव वाँव करत होता. शेजारचाही. त्याच्या शेजारचाही.

बाईंनी हात थांबवला. पुन्हा वाजवून पाहिलं. मग काही न बोलता त्या गाणं वरच्या पट्टीत घेऊन गेल्या. सराव संपल्यावर त्यांनी टिटवीला जवळ बोलावून सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबांची तब्येत बरी आहे ना? टिटवी म्हणाली, हो, बरी आहे.

घरी गेल्यावर ती काही बोलली नाही. कसं बोलणार? बाबांची चूक होत नाही, हे त्या घरात भिंतींइतकं पक्कं होतं. आपल्याच कानात वेल उगवले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण तसं नाही हे तिला माहीत होतं.

चार दिवसांनी बाईंनी निरोप पाठवला. हवा दमट झाली आहे, तारा जरा उतरल्यासारख्या वाटतात, सवड काढून एकदा पाहून जा. निरोप इतक्या अदबीनं लिहिला होता, की बाबा लगेच गेले. सरावाची मुलं खाली खुर्च्यांवर गप्प बसून होती. बाबांनी एका जाड तारेच्या खुंटीला किल्ली लावली, स्वर वाजवला, ऐकलं. थोडी फिरवली. ऐकलं. आणखी फिरवली. कान तारेजवळ नेला, पुन्हा फिरवली.

तार कुरकुरली. टिटवीनं ते स्पष्ट ऐकलं. बारीकसा, सुकलेल्या दोरासारखा आवाज. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनीच ऐकला असेल. 'बाबा, थांबा' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण काम चालू असताना बोलायचं नाही. तिनं तोंड मिटलं.

तार तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला, आणि तारेचं टोक बाबांच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरत गेलं. रक्त पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पडलं. बाई रुमाल घेऊन धावल्या. बाबा हाताकडे पाहतसुद्धा नव्हते. ते त्या तुटक्या तारेकडे पाहत होते.

"मला डोल ऐकूच आला नाही," ते म्हणाले. इतक्या हळू, की बाई आणि टिटवी या दोघींनाच ते कळलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून आईला समजावून सांगितलं. कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं. ते बिजागरीसारखं हलतं, म्हणून हवेतला आवाज आत पोचतो. यांचं ते हाड जाम झालंय. खालचे स्वर आधी जातात, मग हळूहळू बाकीचे. त्या काळी त्यांच्याकडे यावर उपाय नव्हता. आणि डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं, कारण गोंगाटात समोरचा आपोआप मोठ्यानं बोलतो, आणि तो गोंगाट यांच्यापर्यंत पुरता पोचत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर टिटवी आईच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. डोल ऐकला होता, कुरकुर ऐकली होती, दोन्ही वेळा गप्प बसले, माझ्यामुळे बाबांचा हात कापला. हे सांगताना ती रडली नाही. रडण्याचाही आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

आईनं तिला बाजूच्या बाकावर बसवलं. बाबा रोज बसायचे त्या जागी.

"बरं झालं बोललीस," आई म्हणाली. "आता माझं ऐक. मला वर्षभर माहीत होतं."

आईनं मशीनवर हात ठेवला.

"आधी लक्षात आलं, की मशीन चालू असलं की यांना माझं बोलणं कळतं. बंद केलं, की नुसते हसतात, मान हलवतात. मोठ्यानं बोलावं तर म्हणणार, ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे? मग मी मशीन चालूच ठेवायला लागले. कापड संपलं तरी. कितीतरी संध्याकाळी त्यात दोराही नसायचा गं."

टिटवीनं मशीनच्या सुईकडे पाहिलं. ती रिकामी सुई वर-खाली होतेय, आई रिकामंच पायडल मारतेय आणि बाबा खुशाल गप्पा मारतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती रोज त्याच खोलीत बसून अभ्यास करायची, आणि तिला यातलं काही दिसलं नव्हतं.

"मीपण गप्पच बसले ना," आई म्हणाली. "त्यांचा तोरा मोडू नये म्हणून. आता तो तारेनंच मोडला."

हात बरा झाला. पण सूरवाल्यांनी किल्ली, पाचरी, सूरचिमटा, सगळं चामड्याच्या गुंडाळीत बांधून कपाटावर ठेवून दिलं. सूरचिमटा म्हणजे दोन पायांचा पोलादी चिमटा. आपटला की एकच एक स्वर देतो आणि तो स्वर कधी बदलत नाही. ते एका लाकडाच्या वखारीत फळ्या घासायच्या कामाला लागले. तिथे यंत्रांचा गोंगाट, त्यामुळे बोलणं बरं कळायचं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आईनं मशीन चालू केलं तरी आता उठून येत नसत, कारण ती ते कशासाठी चालवते हे आता त्यांना कळलं होतं.

एकदा टिटवी त्यांच्या पायांशी जाऊन बसली. त्यांना ऐकू जावं म्हणून जवळ वाकून म्हणाली, की काम नसेना का बाबा, आम्ही आहोत ना. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कामाचं नाही गं," ते म्हणाले. "ते शेजारी येऊन बसणारं कोणी होतं ना, त्याचा रस्ता कानातून होता. आता तो येणार कुठून?"

एवढं एकच होतं बघा. पगार वखारीतही मिळत होता. माणसं विचारपूस करत होती. पण ज्या जागी जाऊन हा माणूस रोज नवा होऊन यायचा, ती जागा बंद झाली होती, आणि ती पुन्हा उघडेल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

शाळेतला पियानो चादर घालून ठेवला होता. कार्यक्रम पुढे ढकलला गेला. दुसऱ्या शहरातला एक तरुण सूर जुळवणारा यायचं म्हणत होता, पण त्याच्याकडे जाड तारांची हत्यारं नव्हती. बाई संकोचत घरी आल्या आणि आईपाशी म्हणाल्या, की तुमची हत्यारं त्याला वापरायला देता येतील का. बाबांना ते कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कपाटावरची गुंडाळी खाली काढली. दुसऱ्याच्या हाती जायची, तर स्वच्छ तरी असावी.

टिटवी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरच बसून गणितं सोडवत होती. बाबांच्या एका हातात तेलाचं फडकं होतं, दुसऱ्या हातानं त्यांनी गुंडाळी उघडी धरली होती. सूरचिमटा धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून सुतार खिळा धरतो तसा त्यांनी तो दांड्याकडून दातांत धरला. एरवी ते असं कधीच करत नसत. त्यांचे शिकवणारे गुरुजी फार कडक होते. एकदा लहानपणी यांनी चिमटा तोंडात घातला, तर गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, ती काय लिमलेटची गोळी आहे? त्यानंतर तीस वर्षांत तो कधी ओठांजवळही गेला नव्हता.

ते वाकले, आणि चिमट्याचा पाय टेबलाच्या कडेला लागला.

टिटवीनं मान वर केली ती बाबा हलेनात म्हणून. फडकं खाली पडलं होतं. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच पाहत नव्हते. तिला वाटलं, बाबांना काहीतरी झालं. ती आईला हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी चिमटा तोंडातून काढला, टेबलावर आपटला, पुन्हा दातांत धरला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"टिटवे," ते म्हणाले, "वाजतोय. सगळ्या डोक्यात वाजतोय."

हवेचा रस्ता बंद झाला होता, हाडांचा नव्हता. दात जबड्यात, जबडा कवटीशी, आणि कवटीच्या आत जिथे ऐकणं होतं ती जागा अजून जागी होती. डॉक्टरांनी पुढे हेच सांगितलं. पण त्या सकाळी त्या स्वयंपाकघरात कोणाला काही कळत नव्हतं. आईही धावत आली होती, आणि तिघं टेबलाभोवती बसून एका चिमट्याकडे नुसती पाहत होती.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सापडला उपाय, संपली गोष्ट. तसं होत नसतं. घरात एक जुना, मोडका पियानो होता. बाबांनी त्याच्या लाकडाला एक टोक आणि दातांत दुसरं असं काय काय लावून पाहिलं. टिटवीची फूटपट्टी, छत्रीची काडी, आईचा लाकडी चमचा. आई म्हणाली, माझ्या चमच्यावर दातांच्या खुणा बघून पाहुण्यांना वाटेल, या घरात जेवायला कमी वाढतात. शेवटी त्यांनी वखारीतून एक सरळ पट्टी आणून हातभर लांबीची, बोटाएवढी काठी तासली.

काठीतून आवाज यायचा, पण एकटा यायचा नाही. गिळलं की धबधबा. श्वास घेतला की वारा. दात जरा आवळले की डोक्यात गाडी सुरू झाल्यासारखी घरघर, आणि त्या घरघरीत तारेचा डोल कुठल्या कुठे हरवून जायचा. बाबा चिडायचे. चिडले की जबडा आवळला जायचा, जबडा आवळला की घरघर वाढायची, घरघर वाढली की ते आणखी चिडायचे. एकदा त्यांनी काठी भिंतीवर फेकून मारली.

आई शांतपणे म्हणाली, "रागावलात की तुम्ही दात आवळता. वीस वर्षं सांगतेय मी."

मोठ्यानं म्हणाली, तोंडासमोर येऊन, मशीनबिशीन न चालवता. बाबा हसायला लागले. किती दिवसांनी हसले ते.

तिथून पुढे त्यांनी खरा अभ्यास सुरू केला. तारांचा नव्हे, जबड्याचा. रोज सकाळी ते काठी दातांत धरून नुसते बसायचे, काहीही न वाजवता. श्वास मंद होईपर्यंत. गिळण्याची घाई जाईपर्यंत. मनात कोणावरचा राग उरला असेल, कालचा किंवा दहा वर्षांपूर्वीचा, तर तो जबड्यात ऐकू यायचा. म्हणून एकेक राग सोडावा लागायचा. गुरुजींवरचा. त्या एवढ्याशा हाडावरचा. स्वतःवरचा. टिटवी गणितं सोडवता सोडवता चोरून पाहायची. त्या बसण्यात असं काहीतरी होतं, की तिचीही पेन्सिल आपोआप हळू चालायची.

महिन्यामागून महिना गेला. बाबा बदलत होते. न कळलेलं बोलणं ते आता सरळ विचारायचे, पुन्हा सांगता का? लोक पुन्हा सांगायचे. एवढं सोपं होतं ते, आणि एवढ्या वर्षांत त्यांना जमलं नव्हतं.

आणि एका सकाळी, त्या मोडक्या पियानोच्या दोन जाड तारांमधला डोल लांबला, लांबला आणि थांबला. बाबा उठले नाहीत. स्वर विरून कितीतरी वेळ झाला तरी उठले नाहीत. टिटवी दबक्या पावलांनी जवळ गेली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि चेहरा पूर्वीसारखा झाला होता. नाही, पूर्वीसारखा नाही. पूर्वी त्या चेहऱ्यावर जिंकल्याची एक रेघ असायची. ती आता नव्हती.

"आलं?" तिनं विचारलं. ओठांवरून त्यांना कळलं.

"मला वाटायचं, माझा कान एवढा तयार आहे, म्हणून मी बोलावतो आणि ते येतं," ते म्हणाले. "ते इथेच बसलेलं होतं गं. माझीच गडबड चालली होती."

टिटवी तिथेच खाली बसली. तिला काही विचारावंसं वाटेना. देवळात किंवा डोंगरावर गेल्यावर माणसं जशी उगाच आवाज खाली घेतात, तसं तिला आपल्याच घरात वाटत होतं.

तो तरुण सूर जुळवणारा शेवटी आलाच नाही, त्याला दुसरीकडे काम मिळालं. बाई पुन्हा आल्या तेव्हा बाबांनी त्यांना स्वतःच सांगितलं, की मी जुळवीन, पण माझं जुळवणं आता चारचौघांत बघवणार नाही. बाई म्हणाल्या, आम्हाला बघायचं नाही, ऐकायचंय.

तर पुन्हा ते सभागृह. तोच मंच, तोच काळा पियानो, नवी तार. खाली समूहगानाची मुलं. बाबांनी काठी काढली, एक टोक पियानोच्या लाकडाला लावलं, दुसरं दातांत धरलं आणि किल्ली घेतली. त्यांच्या ओठांच्या कडेतून थोडी लाळ ओघळली. ती ते पुसायचे, पुन्हा धरायचे.

मागच्या रांगेतून फस्सकन हसू आलं. सगळे ज्याला घोगऱ्या म्हणायचे, तो मुलगा होता. त्याचा आवाज फाटका होता, म्हणून बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, की तू नुसते ओठ हलव. तो शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, बघ, कुत्र्यानं काठी पकडली. शेजारी हसला, त्याचा शेजारी हसला, आणि हसू रांगेरांगेतून पुढे आलं. बाईंनी डोळे वटारले तरी थांबेना. बाबांना ते ऐकू येत नव्हतं, पण मुलांचे हलणारे खांदे दिसत होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. जुने बाबा असते तर किल्ली आपटून निघून गेले असते.

बाबांनी डोळे मिटले. तसेच बसले. त्यांचा जबडा सैल होताना टिटवीला लांबूनही दिसला. मग त्यांनी पहिला स्वर वाजवला.

काम दोन तास चाललं. तासाभरानं मुलांना हसण्याचा कंटाळा आला, आणि मग ती ऐकायला लागली. वाँव, वाँव... वाँव... वाँ... आणि सरळ. पुन्हा दुसरा स्वर. प्रत्येक वेळी डोल थांबायचा, तेव्हा सभागृहात एक क्षण असा यायचा, की कोणी पापणीसुद्धा हलवत नसे. कोणी तसं सांगितलं नव्हतं.

शेवटी बाबांनी काठी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि मुलांच्या रांगेत नजर फिरवून टिटवीला शोधलं.

"ये. तू ऐकून सांग, कसं झालंय," ते म्हणाले. "खरं सांग."

ती मंचावर गेली. बाईंनी खालचे स्वर एकेक करून वाजवले. सगळे सरळ होते. शेवटून चौथा मात्र अगदी किंचित, दूरवर कोणी झोका घ्यावा तसा, हलत होता. इतकं थोडं, की बोललं नाही तर कोणाला कळलं नसतं. सगळी शाळा बघत होती. तिचे बाबा दोन तास लोकांचं हसू झेलून बसले होते.

"हा अजून डोलतोय," टिटवी त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, स्वच्छ आणि मोठ्यानं. "थोडासाच. पण डोलतोय."

बाबांनी मान हलवली. काठी पुन्हा दातांत धरली, ऐकलं, डोळ्यांनीच तिला हो म्हटलं आणि किल्ली केसभर फिरवली. मग काठी पुसून तिच्यापुढे धरली. कानांकडे बोट दाखवून म्हणाले, घट्ट दाब.

टिटवीनं दोन्ही कानांत बोटं घातली. सभागृह नाहीसं झालं. तिनं काठीचं टोक दातांत धरलं. आधी नुसता तिचाच श्वास, तिचंच हृदय, धडधड धडधड. तिनं जबडा सैल सोडला, बाबा सोडायचे तसा. बाबांनी खालची पट्टी दाबली.

तो स्वर बाहेरून आला नाही. तो तिच्या आत उगवला. कपाळात, गालांच्या हाडांत, मानेत. जणू ती स्वतःच तो पियानो होती आणि कोणीतरी फार मोठं, फार मायाळू, तिच्यातून बोलत होतं. त्यात डोल नव्हता. एक लांब, सरळ, शांत रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला काय होतं ते दिसत नव्हतं, पण तिला मुळीच भीती वाटली नाही. बाबा इतके महिने अंधारात एकटे बसून इथे पोचले होते, हे तिला त्या क्षणी समजलं. शेजारी कोणी बसलंय का, हे बघायला तिनं डोळे उघडले नाहीत. तिला माहीत होतं.

स्वर विरला. तिनं कानांतून बोटं काढली. सभागृहात सगळे तिच्याकडे बघत होते, आणि घोगऱ्या मागच्या रांगेत उभा राहून, मान उंच करून, कोणी न शिकवता तोंड उघडं ठेवून बघत होता.

टिटवी मंचावरून खाली उतरली, रांगांमधून चालत त्याच्यापर्यंत गेली, तिनं काठीचं टोक आपल्या झग्याला नीट पुसलं, आणि ती त्याच्या हातात दिली.